वाळूवरची लाल मखमल

माझ्या समुद्री मत्स्यटाकीत डाव्या कोपऱ्यातल्या मोठ्या खडकामागे वाळूवर तळहाताएवढा लालसर-जांभळा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो मला सुंदर वाटला होता. दुपारी दिवे पूर्ण प्रखर झाले की त्याच्यावर बारीक बुडबुडे धरत आणि पांढऱ्या वाळूवर पसरलेली ती मखमल लखलखू लागे. खडकांवर गुलाबी-जांभळ्या चुनखडी शेवाळाचे पापुद्रे चढू लागले की टाकी स्थिरावली असे समजावे, हे मी ऐकले होते. हा डाग त्याच शेवाळाचा भाऊबंद असावा असे मानून मी आठवडाभर त्याला हात लावला नाही. तेवढ्या अवधीत तो खडकाच्या पायथ्याला वळसा घालून पुढे आला आणि आठव्या दिवशी झोअँथिड या पोवळ्यासारख्या प्राण्यांच्या एका झुबक्यावर चढला. झाकल्या गेलेल्या पॉलिपांची, म्हणजे झुबक्यातल्या एकेका प्राण्याची, तोंडे मिटलेली दिसली, तेव्हा मी बोटाने तो थर हलवून पाहिला. चुनखडी शेवाळ खरवडल्याशिवाय निघत नाही. हा थर मात्र भिजलेल्या कागदासारखा अख्खाच्या अख्खा सुटून वर आला. बोटाला बुळबुळीतपणा लागला आणि पाण्याबाहेर त्याला साचलेल्या डबक्याचा वास येत होता.

रीफ टँक, म्हणजे जिवंत पोवळ्यांची टाकी, सांभाळणारे त्याला नुसते 'सायनो' म्हणतात. शालेय पुस्तकांत त्याची ओळख निळे-हिरवे शेवाळ अशी करून दिलेली असते, पण ते शेवाळ नव्हे. ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, तरीही वनस्पतींप्रमाणेच ते प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणवायू सोडतात. त्या मखमलीवरचे बुडबुडे म्हणजे हाच प्राणवायू होता, चिकट थरात अडकून राहिलेला. नाव निळ्या-हिरव्याचे असूनही माझ्या वाळूवर ते लाल होते, कारण त्यांच्यात फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य भरपूर असते. समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खाली निळा-हिरवा तेवढा उरतो. तोच टिपण्यासाठी हे रंगद्रव्य कामाला येते. आपण पोवळ्यांसाठी टाकीवर जे निळसर दिवे लावतो, ते या जिवांनाही त्यांच्या घरच्यासारखेच वाटत असणार.

त्यांची ओळख नीट पटवून घेणे हे पहिले काम आहे, आणि बहुतेक जण तेच टाळतात असे मला दिसते. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी भुकटी शिंपडल्यासारखा जो थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातले सिलिकेट संपत आले की तो बहुधा आपणहून ओसरतो. तपकिरी, शेंबडासारखे ओघळ धरून त्यांच्या टोकांना बुडबुडे लटकत असतील, तर ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपट्यांनी पोहणारे एकपेशी जीव, असण्याची शक्यता मोठी, आणि त्यांच्यावरचे उपाय पुष्कळ वेगळे आहेत. सायनोचा थर एकसंध चादरीसारखा असतो आणि कडेला धरून उचलला की सलग सुटतो. मी तेवढ्यावर थांबले नाही. चिमूटभर थर काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून पाहिला. एकावर एक चकत्या रचाव्यात तसे लांब, फाटे न फुटलेले धागे दिसले, आणि ते धागे हलत होते. पोहत नव्हते, पण एकमेकांवरून संथपणे सरकत होते, त्यांची टोके डुलत होती. या कुळातल्या एका प्रसिद्ध प्रजातीला या डुलण्यावरूनच ऑसिलेटोरिया हे नाव मिळाले आहे. डायनो असते तर गोल किंवा थेंबाच्या आकाराच्या सुट्या पेशी गिरक्या घेताना दिसल्या असत्या. त्या रात्री मी बराच वेळ त्या धाग्यांकडे पाहत बसले होते. ज्याला आपण घाण म्हणून पुसायला निघालो आहोत, ते इतक्या शिस्तीने हलताना दिसले की हात जरा थबकतो.

थबकावेच असे त्यांचे वय आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सायनोबॅक्टेरियांच्या श्वासोच्छ्वासातून नव्हे, तर त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे येथे, हॅमेलिन पूलच्या अतिखाऱ्या उथळ पाण्यात, त्यांच्या थरांनी गाळ धरून ठेवत उभारलेले स्ट्रोमॅटोलाइटांचे गोलसर दगडी उंचवटे आजही वाढत आहेत. १९९१ मध्ये तो परिसर जागतिक वारसा स्थळांच्या यादीत गेला. तांबड्या समुद्राला ते नाव पडण्यामागे ट्रायकोडेस्मियम या सायनोबॅक्टेरियाची पाण्यावर येणारी लालसर साय असावी, असा एक तर्क आहे. आणि १९८६ मध्ये सापडलेला प्रोक्लोरोकॉकस हा सायनोबॅक्टेरिया, जो इतका लहान आहे की तोवर तो कोणाच्या नजरेसच आला नव्हता, तो प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवांत पृथ्वीवर संख्येने सर्वांत मोठा मानला जातो.

या सगळ्यापेक्षा मला जवळची वाटलेली गोष्ट आणखी एक आहे. झाडाच्या पानातले हरितलवक मुळात दुसऱ्या पेशीने पोटात घेतलेले सायनोबॅक्टेरियाच होते, हे आता जीवशास्त्रात पक्के मानले जाते. लाल शेवाळातही तेच लवक गेले. पुढे लाल शेवाळाची पेशी डायनोफ्लॅजेलेटांच्या पूर्वजांनी सामावून घेतली. आणि त्याच डायनोफ्लॅजेलेटांचे वंशज पोवळ्यांच्या पेशींत राहून त्यांना शर्करा पुरवतात. म्हणजे ज्या झोअँथिडला वाचवण्यासाठी मी तो लाल थर उचलत होते, त्या झोअँथिडच्या अंगातला रंग आणि त्याची उपजीविका या दोन्हींच्या मुळाशी त्या थराचेच दूरचे पूर्वज होते. ही जाणीव झाल्यावर थर उचलायचे काम थांबले नाही, पण 'नायनाट' हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही. सायनो प्रत्येक टाकीत असतात, प्रत्येक खडकावर असतात. त्यांना चादर विणायला जागा कोणी दिली, एवढाच प्रश्न उरतो.

जागा मी दिली होती. टाकी तीनशे लिटरांची, वय नऊ महिने. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत वीस भागांच्या) आसपास, फॉस्फेट ०.२. पोवळी उघडत होती, वाढत होती, मासे खातपीत होते. तरी ते आकडे मला अस्वच्छ वाटत. चांगल्या टाकीत दोन्ही आकडे शून्याजवळ असतात अशी माझी पक्की समजूत होती. मग मी फॉस्फेट शोषणाऱ्या लोह-ऑक्साइडच्या कणांचा, म्हणजे जीएफओचा, रिअ‍ॅक्टर (ज्यातून टाकीचे पाणी फिरते ते नळकांडे) काठोकाठ भरला, नायट्रेट उतरवण्यासाठी रोज व्हिनेगर घालू लागले, आणि माशांचे खाणे निम्म्यावर आणले. तीन आठवड्यांत दोन्ही चाचण्यांच्या नळ्या बिनरंगी राहू लागल्या आणि मला फार समाधान वाटले. पोवळी फिकट होत चालली होती, हे मी त्या समाधानात पाहिले नाही. लाल डाग दिसला तो त्याच्या पुढच्याच पंधरवड्यात, आणि माझा पहिला विचार असा होता की अजून कुठेतरी घाण राहिली आहे, म्हणून आणखी साफ केले पाहिजे.

चाचणी शून्य दाखवते याचा अर्थ काय, हे मी तोवर विचारलेच नव्हते. फॉस्फेटची घरगुती चाचणी पाण्यात विरघळलेले आणि मोकळे असलेले अजैविक फॉस्फेट तेवढे मोजते. जे शेवाळाने किंवा जिवाणूंनी आधीच उचलले, जे वाळूखालच्या गाळात दडले, जे खडकाच्या चुन्याला चिकटून बसले, ते त्या नळीत येतच नाही. उलट, सायनो फॉस्फेट मिळेल तेव्हा गरजेपेक्षा अधिक उचलून पेशीत पॉलिफॉस्फेटच्या कणांच्या रूपात साठवून ठेवू शकतात, आणि त्यांच्यातले बरेच जण पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच बांधून वापरू शकतात. नायट्रेट शून्यावर आणून मी हिरव्या शेवाळाची, पोवळ्यांची आणि खडकावरच्या इतर सूक्ष्मजीवांची उपासमार केली. ज्याला नायट्रेटवाचून चालते, त्याचे प्रतिस्पर्धी मी माझ्या हाताने बाजूला केले. वर व्हिनेगरच्या रूपाने पाण्यात सेंद्रिय कार्बन टाकत होते. तो वापरणारे जिवाणू वाढले की नायट्रेट-फॉस्फेट उतरते हे खरे, पण असे कार्बन घालणाऱ्या टाक्यांत सायनोची तक्रार वारंवार ऐकू येते हेही तितकेच खरे आहे.

येथे एका गैरसमजाबद्दल थोडे विषयांतर करते. सायनो आले की नायट्रेट आणि फॉस्फेट १६ ला १ या प्रमाणात ठेवा, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे प्रमाण सागरशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या निरीक्षणावरून आले आहे: सागरी प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस सुमारे १०६, १६ आणि १ अशा प्रमाणात आढळतात. हे प्रमाण अणूंच्या संख्येचे आहे. आपली चाचणी नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे वजन मोजते, त्यामुळे पीपीएममध्ये तेच प्रमाण साधारण १० ला १ येते. शिवाय ते प्लवकांच्या शरीराचे वर्णन आहे, काचेच्या टाकीतल्या पाण्यासाठी दिलेला नुस्खा नाही. मी त्या प्रमाणाच्या मागे लागले नाही. दोन्ही गोष्टी थोड्या असाव्यात, पण असाव्यात, एवढेच ठरवले.

ते ठरवण्यापूर्वी मी एक घाईचा उपाय केला होता. टाकीभोवती जाड काळे कापड गुंडाळून तीन दिवस सगळे दिवे बंद ठेवले. चौथ्या दिवशी कापड काढले तेव्हा वाळू स्वच्छ पांढरी होती आणि मला वाटले, संपले. नवव्या दिवशी लाल थर पुन्हा त्याच जागी, त्याच आकारात उभा राहिला. सायनो पेशीत ग्लायकोजेन साठवतात आणि अंधारात त्यावर तग धरतात. तीन दिवसांचा अंधार त्यांना पातळ करतो, पण ज्या कारणाने ते तेथे आले ते कारण अंधारात तसेच राहते. झालेच तर मेलेला थर टाकीतच कुजून त्याचे अन्न पुन्हा पाण्यात मिसळते. पोवळ्यांची तीन दिवसांची कमाई मात्र बुडाली. काहींना या उपायाचा लाभ झालेला आहे, पण थर आधी काढून टाकल्याशिवाय तो करू नये, हे मी आता निश्चित सांगते.

दुसरा उपाय मी केला नाही, आणि त्याबद्दल मला ठामपणे लिहायचे आहे. सायनो जिवाणू असल्यामुळे एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके त्यांच्यावर चालतात. दोन-तीन दिवसांत वाळू स्वच्छ होते हे खोटे नाही. परंतु ज्या जिवाणूंच्या भरवशावर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होते, तेही जिवाणूच आहेत, आणि औषधाला आपला-परका कळत नाही. एकाच वेळी मेलेला सगळा थर कुजू लागला की प्राणवायू झपाट्याने खर्ची पडतो. २५ अंश तापमानाच्या समुद्री पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात तो सव्वाआठ मावतो. म्हणजे आपल्याकडे शिल्लक मुळातच कमी, आणि रात्री तर प्रकाशसंश्लेषणही बंद असते. औषध घालून निजलेल्यांना सकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात ते यामुळे. ज्याला हा मार्ग घ्यावाच लागला, त्याने बुडबुडे सोडणारा हवेचा दगड रात्रभर चालू ठेवावा. पण माझा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. माणसांच्या आजारात उपयोगी पडणारे औषध वाळूवरचा डाग घालवण्यासाठी वापरून ते पाणी गटारात सोडणे, आणि तेथल्या जिवाणूंना त्या औषधाची सवय होण्याची संधी देणे, हे मला छंदाच्या कक्षेत बसणारे वाटत नाही.

मग उरले हाताने करायचे काम, आणि खरे सांगायचे तर याच कामाने मला टाकी शिकवली. हवेच्या पंपाची अरुंद नळी घ्यावी. जाड नळीने थरापेक्षा वाळूच अधिक निघते आणि पाच मिनिटांत बादली भरते. तिच्या टोकाला कडक प्लास्टिकची वीतभर काडी जोडावी, म्हणजे ते टोक खडकांच्या बेचक्यांत हवे तेथे नेता येते. दुसरे टोक सम्पमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, अडकवलेल्या बारीक विणीच्या गाळणपिशवीत सोडले की थर पिशवीत राहतो आणि पाणी टाकीतच परत येते, त्यामुळे कितीही वेळ काम करता येते. काम संपले की ती पिशवी लगेच काढून धुवावी. ती तशीच ठेवली तर आपण थराची फक्त जागा बदलली असे होते. मी सुरुवातीला हे सकाळी करीत असे आणि थर फाटून त्याचे तुकडे टाकीभर उडत. पुढे ध्यानात आले की दिवे लागल्यानंतर चार-पाच तासांनी थर सर्वांत घट्ट विणलेला असतो, बुडबुड्यांमुळे त्याच्या कडा वर उचललेल्या असतात, आणि नळी कडेखाली सरकवली की तो गुंडाळत गुंडाळत नळीत जातो. पहाटे तोच थर विरळ, फिका, जवळजवळ अदृश्य असतो, कारण ते सरकणारे धागे प्रकाशासाठी वर येतात आणि अंधारात वाळूच्या कणांमध्ये उतरतात. रात्री दिवा पाडून 'डाग गेला' असे समजणाऱ्याची फसगत याच येण्याजाण्याने होते.

रोज पाऊण तास, सतरा दिवस मी हे केले. थर उचलला की त्याखाली काय आहे ते दिसे, आणि प्रत्येक वेळी तेच दिसे: राखाडी, पिठासारखा बारीक गाळ. मासळीची विष्ठा, न खाल्लेले खाणे, खडकांवरून झडलेली धूळ, सगळे तेथे येऊन बसत होते आणि थर त्यावर झाकण घालत होता. झाकणाखाली प्राणवायू संपला की गाळात बांधले गेलेले फॉस्फेट सुटते आणि थेट थराच्या बुडाशी पोचते. वरच्या पाण्यात चाचणी शून्य दाखवत होती आणि त्याच्या एक मिलिमीटर खाली हे कोठार उघडे होते. मी इतके दिवस पाणी मोजत होते. डाग पाण्यात नव्हता, एका विशिष्ट जागी होता, आणि ती जागा मी कधी पाहिली नव्हती.

तो गाळ तेथेच का बसतो, हे पाहायला एक संध्याकाळ पुरली. ड्रॉपरने त्याच गाळाचे थोडे पाणी टाकीच्या वरच्या बाजूने सोडले आणि कण कुठे जातात ते पाहिले. दोन्ही पॉवरहेड, म्हणजे टाकीतले पाणी फिरवणारे पंप, एकाच काचेवरून समोरासमोर रोखलेले होते. त्यांचे प्रवाह मध्यावर भेटून वर वळत आणि मोठ्या खडकामागे पाणी नुसते घुटमळत असे. ताशी टाकीच्या तीसपट पाणी फिरवणारे पंप लावले आहेत या आकड्यावर मी विसंबले होते, पण त्या कोपऱ्यात कण जवळजवळ सरळ खाली उतरत होते. एक पॉवरहेड मागच्या काचेवर नेला आणि त्याचा झोत खडकाच्या पाठीमागून वाहील असा तिरका केला. मोठा खडक वाळूतून उचलून दोन लहान तुकड्यांवर ठेवला, म्हणजे त्याच्या खालूनही पाणी जाऊ लागले. सायनोंना प्रवाह सोसत नाही असे नाही, जोरदार पंपाच्या तोंडावरही मी त्यांचे पुंजके पाहिले आहेत. पण गाळ बसला नाही की त्यांचे कोठार भरत नाही.

उरलेले बदल मी मुद्दाम सावकाश केले. जीएफओ निम्मे केले आणि आठवड्याने उरलेलेही काढले. व्हिनेगर एका दिवसात न तोडता दर तीन दिवसांनी थोडे थोडे कमी केले. माशांना खाणे पूर्ववत दिले, मात्र गोठवलेले खाणे आधी जाळीत धुऊन. गाळणपिशवी आठवड्याऐवजी दर दोन दिवसांनी बदलू लागले. टाकीत घालायच्या आरओडीआय, म्हणजे गाळून शुद्ध केलेल्या, पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) तपासला तर तो शून्याऐवजी सहा येत होता. शुद्धीकरण यंत्रातले क्षार शोषणारे रेझिन संपले होते, ते बदलले. नायट्रेट तरीही वर येईना, तेव्हा सोडियम नायट्रेटचे मोजून केलेले द्रावण रोज थोडे घालून ते पाच पीपीएमपर्यंत आणले. टाकीत पोवळी फिकट असताना आणि वाळू लाल असताना नायट्रेट मुद्दाम घालायला हात धजावत नव्हता. फॉस्फेट घालावे लागले नाही. जीएफओ काढल्यावर खडकांनीच ते सोडायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत ते ०.०६ वर येऊन थांबले. चुनखडीचा खडक पाण्यात फॉस्फेट वाढले की धरून ठेवतो आणि कमी झाले की सोडतो.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. चौथ्या आठवड्यात काचेवर हिरवे शेवाळ आले आणि मी ते आनंदाने पाहिले, कारण जे प्रतिस्पर्धी मी उपाशी मारले होते ते परत येत होते. पाचव्या आठवड्यात लाल थर पुन्हा उजवीकडे उमटला. तेथे पाहिले तर पॉवरहेड हलवल्यामुळे गाळ आता तिकडे साचू लागला होता. पुन्हा नळी, पुन्हा ड्रॉपर, आणि झोताचा कोन दोन बोटे खाली. आठव्या आठवड्यात झोअँथिडच्या झुबक्यातल्या बारा पॉलिपांपैकी नऊ उघडले. तीन कधीच उघडले नाहीत. अकराव्या आठवड्यापासून वाळूवर चादर नाही.

टाकीतले पाणी जेथून सम्पमध्ये उतरते त्या ओव्हरफ्लोच्या पेटीमागे, काच आणि वाळू जेथे मिळतात त्या रेघेत, नखाएवढा एक लाल डाग मात्र अजून आहे. तेथे नळी पोचते, पण मी तो काढत नाही. रविवारी चाचणीच्या नळ्या बाहेर काढण्यापूर्वी मी गुडघ्यांवर बसून आधी त्या कोपऱ्यात बॅटरी मारते. गेल्या महिन्यात तो दोन नखांएवढा झाला होता. गाळणपिशवी पाहिली तर ती सहा दिवस बदललेली नव्हती.